किडनी नवी, साखर जुनीच

1983 साली कुवेतच्या डॉ. जॉर्ज अबूना यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक विलक्षण हकिगत छापली. मृत दात्याला मधुमेह होता, त्याच्या दोन्ही किडन्यांवर मधुमेहाच्या खुणाही उमटल्या होत्या. या किडन्या दोन निर्मधुमेही रुग्णांना बसवल्या. काही महिन्यांनी तुकडा काढून पाहिला, तर खुणा पुसत चाललेल्या! दोष किडनीचा नव्हता, रक्तातल्या साखरेचा होता.

आता हेच उलटे करून पाहा. धडधाकट किडनी मधुमेह्याच्या पोटात गेली आणि साखर मोकाट राहिली, तर काही वर्षांत तिच्याही गाळण्या जाड होऊ लागतात.

डायलिसिसवरचे मधुमेही एक गोष्ट हमखास सांगतात: ‘डॉक्टर, माझी शुगर गेली! इन्सुलिन निम्म्यावर आलं.’ आनंद समजण्यासारखा, पण कारण वेगळे. इन्सुलिनचा बराच निचरा किडनी करते. ती थकली की टोचलेले इन्सुलिन शरीरात रेंगाळते. त्यातच जेवणही कमी झालेले. ओटीपोटात उजवीकडे नवी किडनी बसते (जुन्या बहुधा जागच्या जागीच राहतात), निचरा सुरू होतो, तोंडाला चव येते, वर साखर वाढवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या. आठवडाभरात ग्लुकोमीटर तीनशेचा आकडा दाखवतो आणि घरचे घाबरतात, ऑपरेशन फसले की काय! टॅक्रोलिमस ही दुसरी गोळी किडनी टिकवते, पण स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणे मंदावते. म्हणून आधी मधुमेह नसलेल्या काहींनाही नंतर तो जडतो.

मग मधुमेह्याने किडनी बदलावी का? अमेरिकेतल्या 1999 च्या मोठ्या अभ्यासात 20 ते 39 वयाच्या मधुमेहींचे अपेक्षित आयुष्य किडनीच्या प्रतीक्षायादीत थांबून सुमारे 8 वर्षे, तर किडनी मिळाल्यावर 25 वर्षे निघाले. मात्र सगळ्याच रुग्णांचा मिळून हिशेब केला, तर ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका यादीतल्यांपेक्षा उलट जवळजवळ तिप्पट होता. त्यामुळे आधी हृदय तपासून घेण्याचा डॉक्टरांचा हट्ट असतो, आणि तो रास्त आहे. बदललेली किडनी नीट चालू असताना हृदयविकाराने दगावणारे काही कमी नाहीत.

साखरच काढून टाकता आली तर? मिनेसोटा विद्यापीठात 1966 मध्ये किडनीबरोबर स्वादुपिंडही बसवले गेले. तिथेच पुढे टाइप-1 च्या आठ जणांना नुसते स्वादुपिंड बसवून त्यांच्या मूळ किडन्यांवर नजर ठेवली. पाच वर्षांनी सुईने तुकडा काढला, तर ढिम्म फरक नाही. दहाव्या वर्षी मात्र जाड झालेल्या गाळण्या पुन्हा पातळ होत आल्या होत्या.