रॉय जोन्सचे तीन चुकलेले निर्णय

१ मार्च २००३ रोजी लास वेगासमध्ये रॉय जोन्स ज्युनिअरने जॉन रुईझला हरवून डब्ल्यूबीएचं हेवीवेट विजेतेपद पटकावलं. रुईझचं वजन १०२ किलोंच्या वर, जोन्सचं ८७ च्या आसपास. मिडलवेटच्या माजी जगज्जेत्याने हेवीवेटचंही विजेतेपद मिळवावं, हे १८९७ मध्ये बॉब फिट्झसिमन्सने करून दाखवलं होतं. त्यानंतर १०६ वर्षांनी जोन्सने. तोवर त्याच्या नावावर ४८ विजय होते आणि पराभव एकच, तोही नियमभंगाबद्दल बाद ठरवल्यामुळे. सर्वकाळच्या श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांच्या यादीत त्याची जागा पक्की दिसत होती. आज मात्र त्या जागेवरून वाद होतात. ते का, हे समजण्यासाठी आधी त्याचा खेळ समजून घ्यायला हवा.

मुष्टियुद्धात पहिला धडा मिळतो तो हात वर आणि हनुवटी खाली ठेवण्याचा. जोन्स हात खाली सोडून उभा राहायचा. समोरच्याचा ठोसा हाताने अडवण्याऐवजी तो कमरेतून मागे झुकून चुकवायचा, आणि जॅबने अंतर अजमावत न बसता थेट डाव्या हुकने सुरुवात करायचा. २००२ मध्ये ग्लेन केलीसमोर तर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. केलीने ठोसा टाकला, जोन्सने डोकं बाजूला घेतलं आणि पाठीमागून आलेल्या उजव्या हाताने केली आडवा झाला. हे सगळं नजर आणि पायांच्या जोरावर चालायचं. नजर किंवा पाय जरासे मंदावले की मागे बचावाची दुसरी फळीच नव्हती.

पहिला चुकलेला निर्णय घर न सोडण्याचा. नव्वदच्या दशकात लाइट हेवीवेटमध्ये त्याचा खरा प्रतिस्पर्धी होता जर्मनीत लढणारा पोलिश दारियुश मिखालचेवस्की. १९९७ मध्ये जगज्जेत्या व्हर्जिल हिलला हरवल्यामुळे मिखालचेवस्कीचा दावा भक्कम होता. तो अमेरिकेत आला नाही, जोन्स जर्मनीत गेला नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीत पंचांनी जोन्सचं सुवर्ण अक्षरशः हिरावून घेतलं होतं, त्यामुळे परक्या मुलखातल्या पंचांवर त्याचा विश्वास नसणं समजू शकतं. पण त्या काळात तो रिचर्ड फ्रेझियर या पोलिसाची नोकरी करणाऱ्या मुष्टियोद्ध्याशीही लढला, आणि ती लढत दुसऱ्या फेरीत संपली. बर्नार्ड हॉपकिन्स आणि जेम्स टोनी यांना हरवणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत ही पोकळी खुपते.

दुसरा निर्णय वजनाचा. रुईझसाठी स्नायूंच्या रूपात कमावलेलं वजन चौतिसाव्या वर्षी आठ महिन्यांत आठेक किलोंनी उतरवून तो अँटोनियो टार्व्हरविरुद्ध पुन्हा लाइट हेवीवेटमध्ये उतरला. नोव्हेंबर २००३ ची ती लढत त्याने जिंकली, पण एका पंचाने ती बरोबरीत दिली होती. पाय जड झाल्याचं सर्वांना दिसलं. मे २००४ मध्ये टार्व्हरच्या एका डाव्या ठोशाने त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवलं. जो ठोसा दोन वर्षांपूर्वी हवेत गेला असता, तो आता लागला.

तिसरा निर्णय सगळ्यांत महाग पडला. या नॉकआउटनंतर अवघ्या चार महिन्यांत तो मेम्फिसमध्ये ग्लेन जॉन्सनसमोर उभा राहिला. दमवत, रेटत लढणाऱ्या जॉन्सनने नवव्या फेरीत त्याला पाडलं, आणि जोन्स कित्येक मिनिटं कॅनव्हासवर पडून होता. पुढची ओळ वाचवत नाही: २००९ मध्ये सिडनीत डॅनी ग्रीनकडून पहिल्याच फेरीत पराभव, २०११ मध्ये मॉस्कोत डेनिस लेबेडेव्हकडून दहाव्या फेरीत नॉकआउट, २०१५ मध्ये तिथेच एन्झो मॅकरिनेलीकडून पुन्हा. त्याचा मित्र जेराल्ड मॅकलेलन १९९५ मध्ये एका लढतीत मेंदूच्या दुखापतीने कायमचा जायबंदी झाला होता. या खेळाची किंमत जोन्सला ठाऊक होती, म्हणून हे जास्तच जिव्हारी लागतं.

वय झालं म्हणून हे अटळ होतं, असं म्हणता येत नाही. १९९३ मध्ये जोन्सकडून हरलेल्या हॉपकिन्सने २००६ मध्ये याच टार्व्हरला हरवलं आणि ४६ व्या वर्षी पुन्हा जगज्जेतेपद मिळवलं. कारण त्याचा खेळ बंद बचावावर, पायांच्या अचूक मांडणीवर आणि प्रतिस्पर्ध्याला जखडून टाकण्यावर उभा होता. या गोष्टी वयाबरोबर पिकतात. जोन्सने शैली बदलली नाही आणि थांबलाही नाही. दोन्हींपैकी एक करणं भाग होतं.

क्रिकेटमध्ये निवड समिती खेळाडूला वगळते. व्यावसायिक मुष्टियुद्धात नाव विकलं जातं तोवर कोणीतरी लढत ठरवतंच. एका ठिकाणी अडलं तरी दुसऱ्या देशात रिंग मिळते. म्हणून या खेळात निवृत्तीचा निर्णय हा कौशल्याचाच भाग मानला पाहिजे, आणि तो घ्यायला भाग पाडणं ही प्रशिक्षक आणि डॉक्टरांची जबाबदारी.

२०२२ मध्ये जोन्सचा आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, आणि तो योग्यच होता. मिखालचेवस्कीची न झालेली लढत चाहते विसरतील, वजनाचा जुगार धाडस म्हणून माफही करतील. २००४ नंतरची वर्षं मात्र माफ करू नयेत. त्यांनी जोन्सच्या कीर्तीला धक्का दिला म्हणून नव्हे, तर एका माणसाच्या डोक्यावर ते ठोसे विनाकारण पडले म्हणून.