वजनाचा काटा आणि खर्चाचा अंदाज

नोव्हेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात ती बातमी आली आणि कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंतच्या फॅमिली ग्रुपवर एकाएकी सगळे आहारतज्ज्ञ झाले. ‘बाबांचं मेडिकल कधी आहे? आधी भात बंद करायला सांग.’ ‘आईची शुगर बॉर्डरलाइनला आहे, अडवतील का?’ अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने वकिलातींना पाठवलेल्या सूचनांत, व्हिसा देताना विचारात घ्यायच्या आजारांमध्ये, मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, मानसिक आजार यांच्या पंगतीला लठ्ठपणाही बसवलाय, एवढं खरं. पण भाताचं ताट बाजूला सारण्याआधी हे वजन कोण बघतं आणि कशासाठी, ते पाहायला हवं.

बूट काढायला लावून काट्यावर उभं करतात ते पॅनेल डॉक्टर, म्हणजे वकिलातीने नेमून दिलेले. उंची, वजन, रक्तदाब, लसींचं कार्ड, छातीचा एक्स-रे, सिफिलिस-गनोरियासाठी तपासणी, आणि ‘कोणती औषधं चालू आहेत?’ हा प्रश्न. त्यांना मुख्यतः शोधायचा असतो तो क्षयरोग. एक्स-रेत डाग दिसला तर तीन दिवस सकाळची थुंकी द्यावी लागते, तिच्या कल्चरला दोन महिने जातात, आणि लग्नसराईत काढलेलं तिकीट वाया जातं. गंमत म्हणजे ज्या साखरेच्या धास्तीने घरोघरी श्रीखंड बंद झालं, ती साखर तपासणं या मेडिकलच्या ठरलेल्या चाचण्यांत नाहीच.

कोकणातल्या माणसाला हे सगळं फार मऊ वाटेल. आखातात जाणाऱ्यांचं मेडिकल, पूर्वीचं गॅमका, आताचं वाफिद, यात निकाल दोनच: फिट किंवा अनफिट. रत्नागिरी-चिपळूणकडे जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाच्या डागापायी ‘अनफिट’चा शिक्का बसलेली माणसं आहेत. एजंटाचे पैसे गेले, नोकरी गेली. कोणी त्यावर पुरवणीत लेख लिहिला नाही. आता पाळी ग्रीन कार्डवाल्या आईबाबांची आली, तेव्हा आम्हाला विषय सुचला.

अमेरिकेच्या मेडिकलमध्ये पॅनेल डॉक्टर हो-नाही ठरवत नाही. तो नोंद करतो. निर्णय मुंबईत बीकेसीतल्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याचा, आणि त्याच्या हातातला कायदा आहे ‘पब्लिक चार्ज’: हा माणूस उद्या सरकारवर भार होईल का? तरतूद १८८२ची. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरलेल्यांच्या कोटांवर डॉक्टर खडूने अक्षरं लिहीत, हृदयाला एच, लंगडण्याला एल. सॅन फ्रान्सिस्कोच्या एंजल बेटावर १९१० नंतर हिंदुस्थानी मजुरांना परत पाठवायला आतड्यातला हूकवर्म कामी आला. वय, प्रकृती, कुटुंब, पैसा, शिक्षण यांचा विचार करा असं कायदा पूर्वीपासूनच सांगतो. नवं इतकंच, की अर्जदाराच्या उपचारांचा आयुष्यभराचा खर्च त्याच्या ऐपतीत बसतो का, याचा अंदाज अधिकाऱ्याने बांधायचा आहे. त्याच्या घरातल्या अवलंबितांची प्रकृतीही बघायची आहे.

आता मुद्दा वजनाचा. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय हा आकडा बेल्जियन गणिती केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला, तो लोकसंख्येची सरासरी काढायला. एकेका माणसाची प्रकृती जोखायला नव्हे. तो आपल्याला किती कमी लागू पडतो हे ज्यांनी दाखवलं, ते डॉक्टर आपल्या पुण्यातले, केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ने एक फोटो छापला: याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही कागदावर सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दुपटीहून जास्त!

याज्ञिकांचं काम तिथे थांबत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून त्यांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा माग ठेवला. ही बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीनच्या आसपास. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण कातडीखालची चरबी जवळपास शाबूत. बारीक दिसणारं, तरी आतून चरबी राखून असलेलं बाळ. पुढे तेच चाळिशीत हडकुळ्या हातापायांचं आणि सुटलेल्या पोटाचं होतं. त्याला मधुमेह गाठतो, तेव्हा काट्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच भारतीय डॉक्टर बीएमआय तेवीसच्या वर गेला की जादा वजन आणि पंचवीसच्या वर लठ्ठपणा मानतात. अमेरिकेत लठ्ठपणा तीस बीएमआयला सुरू होतो.

म्हणजे काटा बघून खर्चाचा अंदाज बांधायचा, तर बावीस बीएमआयचे आजोबा खिडकीसमोरून ताठ निघून जातील आणि गुबगुबीत पण ठणठणीत मावशी अडकतील. २०२३च्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. त्यातले किती जण दिसायला ‘लठ्ठ’ असतील? आणि ज्या अमेरिकेत दर पाच प्रौढांमागे दोघे लठ्ठ, तिने पाहुण्यांना काट्यावर चढवावं, हे आहेच.

न्यूझीलंडने हा प्रकार आधी करून पाहिला. क्राइस्टचर्चमधल्या एका दक्षिण आफ्रिकी आचाऱ्याचा व्हिसा २०१३मध्ये १३० किलो वजनापायी नाकारला; वर्षं झाली होती त्याला तिथे राहून, आणि त्या काळात वजन बरंच उतरलंही होतं. पुढे दाद मागून त्याला ठरावीक मुदतीचा व्हिसा मिळाला. पण तिथे निदान आकडा आहे: पाच वर्षांत ८१ हजार न्यूझीलंड डॉलरपेक्षा जास्त खर्च होईल का? ऑस्ट्रेलियाचा ८६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. कॅनडाही दरवर्षी आपला आकडा जाहीर करतो. निर्दय वाटो, त्या आकड्याशी भांडता येतं: डॉक्टरचं पत्र जोडा, औषधांची बिलं जोडा, मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी केवढ्याला पडते ते दाखवा. अमेरिकेने मर्यादाच सांगितलेली नाही. वैद्यकाचं शिक्षण नसलेल्या माणसाने काही मिनिटांच्या मुलाखतीत दुसऱ्याच्या आयुष्यभराचं बिल अंदाजायचं. मला यातलं वजन खटकत नाही, हा अंदाज खटकतो.

त्यात विनोद असा, की नव्या ग्रीन कार्डधारकाला साधारण पहिली पाच वर्षं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मिळतच नाही, आणि मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा विकत घ्यायलाही पासष्टी आणि पाच वर्षांचा रहिवास लागतो. सरकारवर भार व्हायची सोय आधीच बंद करून ठेवली आहे.

तेव्हा घरच्यांनी काय करावं? मेडिकलच्या आधी मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नयेत. असे सल्ले फिरतायत आणि ते जिवावरचे आहेत. आजार लपवूही नये. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. पब्लिक चार्जचा नकार मात्र जास्तीची कागदपत्रं देऊन फिरवता येतो. न्यूजर्सीतल्या लेकाने बाबांच्या पोटाचा व्हिडिओ कॉलवर पंचनामा करण्यापेक्षा आपला टॅक्स रिटर्न, गरज पडली तर दुसरा स्पॉन्सर, आणि बाबांना तिथे मिळू शकणाऱ्या आरोग्य विम्याचं लेखी कोटेशन या तीन गोष्टी फाइलला लावाव्यात. साखर आटोक्यात असल्याचं इथल्या डॉक्टरचं ताजं पत्रही जोडावं. भात बाबांनी कमी केला तर उत्तमच, पण तो याज्ञिकांचं ऐकून.