हुगळीकाठचे श्रीरामपूर

आषाढ शुद्ध द्वितीयेला आपले मन पंढरीच्या वाटेवर असते, तेव्हा बंगालमध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपुरात माहेशच्या जगन्नाथाचा रथ निघतो. (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर हे नव्हे.) गाव डेन्मार्कच्या अमलाखाली असताना, इ. स. १८०० मध्ये विल्यम केरी आदी बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी येथे नदीकाठी प्रार्थनामंदिर व छापखाना थाटला. हेतू अर्थातच ख्रिस्ती धर्मप्रसाराचा. तथापि वाल्मीकिरामायणाचा संस्कृत मूळपाठ इंग्रजी भाषांतरासह १८०६ पासून याच छापखान्यातून निघू लागला!

केरीचे मराठी व्याकरण १८०५ चे, कोश १८१० चा. १८१२ मध्ये छापखाना आगीत भस्मसात झाला. तो पुन्हा उभा राहिला आणि १८१४ साली ‘सिंहासनबत्तिशी’, १८१५ साली ‘हितोपदेश’ मराठीत, मोडी लिपीत छापून निघाले. केरीसाहेबांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांना मराठीत साह्य करणारे फोर्ट विल्यम कॉलेजातील पंडित वैजनाथ शर्मा मात्र विस्मृतीत गेले. हितोपदेशातील दृष्टांत इन्सुलीच्या देवळात मी कितीदा सांगितले, पण या पंडितांचे नाव एकदाही घेतले नाही.

रथयात्रेस जाणाऱ्या भाविकांनी माहेशहून नदीकाठच्या १८१८ च्या श्रीरामपूर महाविद्यालयापर्यंत अवश्य जावे, आणि तेथे वैजनाथ पंडितांचे स्मरण करून हात जोडावेत.