डोळे आले? थांबा, आधी चार प्रश्न!

'यार, डोळे आलेत. आज घरूनच काम!' पावसाळ्यात ऑफिसच्या ग्रुपवर असा एक तरी मेसेज पडतोच. लगेच सल्ले सुरू. 'मेडिकलमधून ड्रॉप्स घे, दोन दिवसांत क्लिअर!' पण बॉस, लाल झालेला प्रत्येक डोळा 'आलेला' नसतो!

मला हे पटलं ते डहाणू तालुक्यातल्या वरोरकडे बघून. समुद्राकाठच्या या गावात मासेमारी आहे, तसंच डायमेकिंगही. म्हणजे दागिन्यांसाठी धातूचे साचे कोरायचं काम. धातूवर हत्यार चाललं की बारीक कण उडणारच. तो बुबुळात रुतला तरी डोळा लाल होतो, पाणी येतं, खुपतं. अगदी डोळे आल्यासारखंच! म्हणून अशा गावात जीपीचा पहिला प्रश्न हवा, 'काम काय करता?'

बाकीचे तीन प्रश्न

डोळ्यातून काय येतंय? पाणी येत असेल, एका डोळ्यातून दुसऱ्यात गेलं असेल, कानापुढे दुखरी गाठ असेल, तर बहुधा व्हायरस. घट्ट पिवळ्या पुवाने पापण्या चिकटल्या, तर बॅक्टेरियाचा संशय. नुसती खाजच खाज, तर अ‍ॅलर्जी.

दुखतंय का, उजेड सहन होतो का? साध्या साथीत डोळा चुरचुरतो. आतून ठणकत असेल तर मामला वेगळा.

दिसतंय कसं? पापण्या मिटून उघडल्यावरही अंधुकच दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे. म्हणूनच भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता एकेका डोळ्याने वाचायला लावणं, ही जीपीची सगळ्यात स्वस्त आणि मस्त टेस्ट!

साथीत गफलत होते

2023 च्या जुलैमध्ये आळंदीत मोठी साथ आली. पुढे राज्यातल्या रुग्णांचा आकडा लाखापार गेला. अशा दिवसांत दारातूनच निदान होतं, 'आलेत डोळे, पुढचा!' खरी भीती इथेच आहे. नागिणीच्या जातीतल्या हर्पिसच्या व्हायरसनेही डोळा असाच लाल होतो. त्यात स्टेरॉइडचे ड्रॉप्स पडले, तर आधी बरं वाटतं आणि आत जखम पसरते. नजर जाऊ शकते! डॉक्टर डोळ्यात केशरी रंग घालून निळ्या दिव्याखाली बघतात, तेव्हा ही जखम फांद्यांसारखी हिरवी चमकते. मेडिकलच्या काउंटरवर हे कोण बघणार?

आणि आपण ऑफिसवाले? आपला धातूचा कण म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स. लेन्स घालणाऱ्याचा दुखरा लाल डोळा 'साथ आहे' म्हणून सोडायचाच नाही. लेन्स लगेच काढा आणि तपासून घ्या.

एवढं कराच

* व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. साधी साथ साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते.
* नुसतं बघून डोळे येत नाहीत. हात, टॉवेल, उशी, काजळ यांतून येतात. गॉगल फक्त उजेडापासून वाचवतो.
* शिल्लक राहिलेली, दुसऱ्याची किंवा स्टेरॉइडची बाटली स्वतःहून डोळ्यात नको.
* डॉक्टरांना काम, लेन्स आणि आधी घातलेले ड्रॉप्स न विचारताही सांगा.

गॉगल लावून मिरवा हो, कोण नाही म्हणतंय? फक्त त्याआधी एक डोळा झाकून समोरचं कॅलेंडर वाचून बघा. मग दुसरा. तारखा धूसर दिसल्या, तर ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी डॉक्टरांना फोन करा!