वैज्ञानिक शोधनिबंधातील दिशादर्शक वाक्ये

शोधनिबंधातील काही वाक्ये विषयाची माहिती देतात, तर काही युक्तिवादाची दिशा आणि विधानाचे बळ वाचकास कळवितात. या दुसऱ्या प्रकारास येथे ‘दिशादर्शक वाक्ये’ म्हटले आहे. ही वाक्ये केवळ शैलीचा भाग नसून लेखकाने स्वीकारलेल्या जबाबदारीची मर्यादा दाखवितात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेचे तीन टप्पे मांडले : अभ्यासक्षेत्राचे महत्त्व सांगणे, त्यातील उणीव दाखविणे आणि ती भरून काढण्याचा संकल्प करणे. जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील निबंध ‘नेचर’मध्ये २५ एप्रिल १९५३ रोजी प्रसिद्ध झाला. जेमतेम पानभराहून थोड्या मोठ्या या निबंधात हा क्रम बदललेला दिसतो. आपण एक रचना सुचवू इच्छितो, असे लेखक आरंभीच सांगतात. त्यानंतर पॉलिंग व कोरी यांची तीन साखळ्यांची रचना ते दोन कारणांनी अमान्य करतात आणि मग स्वतःच्या दोन साखळ्यांच्या रचनेकडे वळतात. ‘दोन कारणे’ असा पूर्वनिर्देश असल्यामुळे खंडनाची व्याप्ती वाचकास आधीच कळते.

पुढे लेखक क्ष-किरणांच्या उपलब्ध पुराव्याकडे येतात. आपली रचना त्या पुराव्याशी स्थूलमानाने जुळते. परंतु अधिक अचूक निष्कर्षांशी पडताळून पाहीपर्यंत ती असिद्धच मानावी, असे ते स्वतःच बजावतात. या सावध शब्दांनी विधान दुबळे होत नाही; कोठवर विश्वास ठेवावा, हे वाचकास समजते. आनुवंशिक द्रव्याची प्रतिकृती कशी होत असावी, याचाही ते केवळ निर्देश करतात. त्याचे विवेचन त्यांनी ३० मे १९५३ च्या अंकातील दुसऱ्या निबंधात केले.

मराठी संशोधनपर लेखनात ‘असे म्हणता येईल’ हा प्रयोग सिद्ध आणि संभाव्य अशा दोन्ही विधानांना सरसकट जोडला जातो. परिणामी पुरावा कोठे संपतो व तर्क कोठे सुरू होतो, हे कळेनासे होते. वाचकाशी प्रामाणिक राहावयाचे असेल, तर ही सीमारेषा लेखकानेच आखून दिली पाहिजे.