रेशीम विणणाऱ्यांच्या शहरात जेवायला

फ्रान्सला खाण्यासाठी जायचं म्हटलं की आपण पॅरिस धरतो. पण पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेत बसलं की दोन तासांत ल्यों येतं, आणि हाताशी तीनच दिवस असले तर ते तिन्ही ल्योंलाच द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. रोन आणि सोन या नद्यांच्या संगमावरच्या या शहराला क्युर्नोन्स्की या खाद्यसमीक्षकाने १९३५ साली जगाची खाद्यराजधानी म्हटलं. ही कीर्ती राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यांतून आलेली नाही. ती मोठ्या प्रमाणात कष्टकऱ्यांच्या न्याहारीतून आणि घरकाम करणाऱ्या बायकांच्या हातांतून आली, हे कळलं की थक्क व्हायला होतं.

म्हणून सुरुवात क्रुआ-रूसच्या टेकडीवरून करावी. एकोणिसाव्या शतकात इथे रेशीम विणणारे ‘कानू’ राहत. त्यांचे जाकार्ड माग इतके उंच, की ते मावावेत म्हणून घरांची छतं चार-चार मीटरवर नेली गेली. ती घरं आजही उभी आहेत. पहाटेपासून मागावर बसलेले हे लोक सकाळी भरपेट खात, त्या खाण्याला ‘माशों’ म्हणतात. त्यात डुकराचं मांस, सॉसेज, आतडी, वजडी, सोबत वाइन. श्रीमंतांनी नाकारलेले हे भाग शिजवताशिजवता त्यांची एक कलाच झाली. ‘बुशों’ नावाच्या छोट्या खाणावळींत ती टिकून आहे. काहींमध्ये सकाळी नऊला माशों मिळतो, आणि वाइन येते ती जाड बुडाच्या, ४६ सेंटिलिटरच्या ‘पो’ नावाच्या बाटलीत.

तिथे ‘केनेल’ जरूर मागवा. पाइक हा गोड्या पाण्यातला मासा चवीला छान, पण काट्यांनी भरलेला. ल्योंकरांनी त्यावर काढलेला तोडगा बघण्यासारखा आहे. मासा कुटायचा, चाळणीतून घासून काढायचा म्हणजे काटे मागे राहतात. मग त्यात लोणी, अंडी आणि शिजवलेलं पीठ घालून लांबट गोळे वळायचे. ते हलक्या उकळीच्या पाण्यात शिजवून, सॉस ओतून भट्टीत ठेवले की डोळ्यांदेखत फुगतात, टम्म पुरीसारखे. वरचा नान्तुआ सॉस क्रेफिशचा, नारिंगी झाक असलेला. काट्यांच्या माशाचा इतका मऊ पदार्थ होऊ शकतो, यावर पहिला घास घेईपर्यंत विश्वास बसत नाही.

या शहराचं स्वयंपाकघर घडवलं ते ‘मेर’ म्हणजे आयांनी. बड्या घरांत स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी बायकांनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यांतली एक एजेनी ब्राझिए. शेतावर राबलेली, लहानपणीच आई गमावलेली ही मुलगी १८९५ साली जन्मली. १९२१मध्ये तिने र्‍यू रॉयालवर रेस्टॉरंट उघडलं, मग दुसरं शहराबाहेर कोल द ला ल्युएरला. १९३३ साली दोन्हींना मिशलँ मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळाले. असे सहा तारे मिळवणारी ती जगातली पहिली व्यक्ती. पुढे जगभर गाजलेला पॉल बोक्यूझ तरुणपणी तिच्याच हाताखाली शिकला. कोंबडीच्या कातडीखाली काळ्या ट्रफलच्या चकत्या सरकवून शिजवलेली तिची ब्रेसची कोंबडी अजूनही रॉयालवरच्या त्या जागेशी जोडलेली आहे.

मांसमासे न खाणाऱ्यांनी हिरमुसू नये. ताज्या मऊ चीजमध्ये लसूण, कांद्याची पात आणि व्हिनेगर फेटून केलेला ‘सर्व्हेल द कानू’ पावाबरोबर अप्रतिम लागतो, आणि गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, टार्ट तर प्रत्येक बेकरीत दिसतो.

एकच सांगणं: दिवस जपून निवडा. बऱ्याच बुशों शनिवार-रविवारी बंद असतात, सोनकाठचा सेंट-आंतुआनचा बाजार सोमवारी भरत नाही, आणि दुपारचं जेवण साधारण बारा ते दोनच्या दरम्यानच मिळतं. मंगळवार ते शुक्रवार गाठा, आणि टेबल आधी राखून ठेवा.