कुत्र्याला कॅम्पला नेताना

सुट्टीत बाबांबरोबर जीपने कनकपुऱ्यापुढे कावेरीकाठी कॅम्पला गेलो. सोबत आमची मुधोळ कुत्री, राणी. बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. खाली नदीकाठी उकाडा फार, हे मी विसरलो. भर दुपारी तिला पळवलं आणि ती धापा टाकत आडवी पडली.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. बाबांनी तिला सावलीत नेलं, पोट व पंजे ओले केले, वारा घातला, थोडं थोडं पाणी पाजलं. ती सावरल्यावर डॉक्टरांनाही दाखवलं.

आता माझे नियम ठरलेत: चालणं पहाटे, पाणी आधी तिला, बंद गाडीत कधीच ठेवायचं नाही, रात्री बिबट्याच्या भीतीने तंबूतच झोपवायचं. ती थकल्याचं सांगत नाही, आपणच ओळखायचं.